एका बादलीत गेलं पाहिजे

संप्या, तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही. घोड नदीच्या काठावर तास-दीड तास माणसं माना वर करून बसली होती. समोरच्या बाभळीवर पाच कावळे होते, पण एकानंही पिंडाकडं ढुंकून पाहिलं नाही. तुझा थोरला भाऊ बाळू हात जोडून म्हणाला, "मेंढरं मोडणार न्हाई, संपत. तुझ्या वाटची बी सांभाळतो." काही नाही. तुझी बायको म्हणाली, "पोरीला शिकवीन, पार शेवटापतूर." तरी नाही. मग आपल्या कॉलेजचे अध्यक्षसाहेब उठले. हातात माईक होता, कारण आपल्याकडं दहाव्याला भाताच्या आधी माईक येतो. म्हणाले, "संपत हा आमच्या संस्थेचा लाडका विद्यार्थी होता. आमच्या नियोजित ग्रंथालयाला त्याचं नाव देण्याचा शब्द मी इथं देतो."

लाडका विद्यार्थी! शेवटच्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर असताना याच साहेबांनी तुझ्या हातात कॉलेज सोडल्याचा दाखला ठेवला होता. तू असतास तर हसून हसून नदीत पडला असतास. कावळ्यांनाही ते ऐकवलं नसावं. एक जण उडून पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

त्यानंतर जे झालं ते सांगायला मी हे लिहायला बसलोय, पण ते मागाहून सांगतो. प्राचार्यांनी वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. "अविनाशसर, तुम्ही त्यांचे जवळचे. हसतमुख, विनोदी, सगळ्यांच्या मदतीला धावणारा, असं काहीतरी." मी अजून तासांवरच शिकवतो. मला कायम करायची फाईल अध्यक्षसाहेबांच्या टेबलावर आहे, म्हणून मी 'हो सर' म्हणालो. 'हो सर' म्हणणं मला चांगलं जमतं. तुला जमायचं नाही, म्हणून तू मेंढरं आणि पिकअप घेऊन हिंडलास आणि मी आपल्याच कॉलेजात मराठी शिकवतोय. ही ती दोन पानं नाहीत. ती मी लिहिणार नाही.

तू कसा गेलास ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. दिवेलागणीची वेळ, कळंबच्या पुढं रस्त्यात उभी उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना लाल पट्टी. लाल रंगानं भिंती रंगवणारा माणूस लाल रंगाच्या एका पट्टीवाचून मेला. ही मस्करी मी केलेली नाही, ती आपोआप झाली. तुला ती आवडली असती, आणि तेच मला सहन होत नाही.

आपली भिंत म्हणजे सायकल स्टँडच्या मागची. कॉलेजनं तिला पांढरा डिस्टेंपर दिला आणि खाली लिहिलं, 'येथे जाहिरात लावू नये'. तू म्हणालास, "जाहिरात कोण लावतंय? आपुन बातमी लावू." दुसऱ्या दिवशी तू डालड्याच्या डब्यात काव कालवून आणलीस. तुमच्याकडं मेंढरांच्या पाठीवर खूण करायला असायची तीच, गेरूसारखी लाल, पाण्यातली. बाभळीची काडी चेचून कुंचला केलास. त्या साली वसतिगृहाची घोषणा होऊन वर्ष उलटलं होतं आणि साधा खड्डाही खणला नव्हता. तळेघरची पोरं दोन-दोन तास चालून एसटी गाठायची, तरी त्यांचा पहिला तास बुडायचा. भिंतीवर आलं:

'वसतिगृह मंजूर झाले आहे. विद्यार्थ्यांनी तूर्त मंजुरीत राहावे.'

तळेघरचा एक पोरगा ते वाचून भिंतीला टेकून खालीच बसला, इतका हसला. चालून चालून त्याची टाच फाटलेली होती. पुढं ग्रंथालयाची पाळी आली. आपलं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. नव्या इमारतीचं भूमिपूजन तीनदा झालं होतं, तिन्ही वेळा निवडणुकीच्या तोंडावर. तू लिहिलंस, 'येथे तीन नारळ फुटले आहेत. चौथ्या वेळी सोबत एक वीट आणावी.' ते वाक्य मंचरच्या चहाच्या टपऱ्यांवर पोहोचलं. कुणीतरी साहेबांच्या तोंडावर म्हटलं म्हणे, साहेब, वीट देऊ का?

आणि प्रत्येक वाक्याखाली तू तुमच्या मेंढरांची खूण करायचास. दोन आडव्या रेघा, खाली एक ठिपका. तुझे वडील प्रत्येक मेंढीच्या पाठीवर करायचे ती. मी तुला म्हणालो होतो, "येड्या, सही करतोस? पकडतील की." तू म्हणालास, "मेंढरू हारवलं तर कुणाचं ते कळाया नको?" जगात कुठलाही शहाणा माणूस असं करणार नाही. चोरून लिहायचं आणि खाली घरची खूण ठोकायची, हे मेंढपाळाच्या पोरालाच सुचावं.

तुझे नियम दोनच होते. एक, लिहायचं ते आपल्यापेक्षा मोठ्यावर. "बारक्यावर लिव्हाया अक्कल लागत न्हाई." दुसरा, लिहिलेलं एका बादलीत गेलं पाहिजे. या दुसऱ्यावरून आपण तीन वर्षं भांडलो. माझे आण्णा कळंबला हायवेवर बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं. त्यांनी लिहिलेलं बारा-बारा वर्षं उन्हात टिकायचं आणि मला त्याचा अभिमान होता. मी म्हणायचो, चांगला विनोद असेल तर तो टिकलाच पाहिजे, पाण्यानं जायचा असेल तर लिहायचाच कशाला? तू म्हणायचास, "बोर्ड टिकू दे. मस्करी कशाला टिकाया पायजे? ज्याच्यावर केली त्याला दुसऱ्या दिवशी त्याच दारातनं आत यायचं असतंय राव." मला ते भित्रेपणाचं वाटायचं. कोण भित्रा होता ते पुढं दिसलंच.

ती बादली बबनमामांची. ग्रंथालयाचे शिपाई, रोज पिंपळवंडीहून एसटीनं येणारे. तुझ्या वडिलांची मेंढरं दरसाल त्यांच्या रानात खताला बसायची, म्हणून तुला ते लहानपणापासून ओळखत. मामा बोलताना अडखळायचे. साधं अडखळणं नाही, एकेका अक्षरावर गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. पोरं त्यांची वाक्यं पुरी करून द्यायची आणि त्याला मदत म्हणायची. त्यांचं अडखळणं मी इथं लिहून दाखवणार नाही. ते मी एकदा लिहिलंय, तेवढं पुरे.

तुझं वाक्य आलं की प्राचार्य खिडकीतून ओरडायचे, "बबन, पूस ते." मामा बादली भरून आणायचे, आधी सगळं नीट वाचायचे, खांदे हलवत हसायचे आणि मग एकदाच पाणी मारायचे. काव सरसर खाली यायची. हसताना ते अडखळत नसत. सगळ्या कॉलेजात तुझा सर्वांत चांगला वाचक तो होता, आणि तोच तुला पुसत होता.

मीही लिहायचो ना मधूनमधून. तुझ्याच काडीनं, तुझ्याच कावेनं. माझं अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख, आणि हसायचं कुणी नाही. एकदा मामा माझं वाक्य पुसत होते तेव्हा मी विचारलं, "मामा, आजचं कसं होतं?" शेजारी मुली उभ्या होत्या. मामांनी बराच वेळ घेऊन सांगितलं, "ह्ये संपतचं न्हाई. हसू येत न्हाई." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, विचारलं म्हणून सांगितलं. पण मुली हसल्या. माझं वाक्य वाचून न हसलेल्या मुली माझ्याकडं पाहून हसल्या.

त्या शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर मी आण्णांच्या लाल ऑइल पेंटचा डबा घेऊन भिंतीपाशी गेलो. तुझं वेडंवाकडं अक्षर मला जमायचं. बोर्डवाल्याच्या पोराला कुणाचंही अक्षर जमतं. मामांची मुलगी रेखा तेव्हा आपल्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. तिच्यासाठी स्थळं बघताहेत असं कानावर आलं होतं. मी लिहिलं:

'बबनमामांच्या पोरीचं लगीन का मोडलं? मामा "दि-दि-दिली" म्हणेस्तोवर वऱ्हाड घरी पोचलं.'

आणि खाली दोन रेघा, एक ठिपका.

खूण का केली? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की अक्षर तुझं काढलं, म्हणून खूणही ओघानं आली. खोटं आहे. तुझी खूण पाहिली की लोक आधीच हसायच्या तयारीनं वाचायला यायचे. मला ते हसू पाहिजे होतं. तुला अडकवायचं माझ्या मनात नव्हतं, पण तू अडकू नयेस असंही नव्हतं.

सोमवारी सगळं कॉलेज हसलं. तुला खरं सांगतो, आता तू मेलायस म्हणून सांगतो, मला त्या सकाळइतका आनंद पुढं कधी झाला नाही. वाक्य चांगलं होतं, संप्या. तुझ्या कुठल्याही वाक्यापेक्षा नेमकं. आज मी त्याची लाज बाळगतो आणि त्या लाजेच्या खाली कुठंतरी अजून थोडा गर्व आहे. तो खरवडून निघत नाही.

रेखा मैत्रिणींबरोबर आली. लांबून भिंतीवर लाल दिसलं म्हणून 'काय लिहिलंय आज' करत पळतच आली. वाचलं आणि ती हसली. आधी हसूच आलं तिला. सवयीनं, सगळे हसत होते म्हणून. मग डोळे पुन्हा पहिल्या शब्दावर गेले. तेवढ्यात तिच्या मैत्रिणींनी तिच्याकडं बघायचं बंद केलं. मी सायकल स्टँडच्या खांबाआडून ते पाहिलं. ती त्या दिवशी गेली ती पुन्हा कॉलेजात आली नाही.

आणि प्राचार्य खिडकीतून नेहमीसारखे ओरडले, "बबन, पूस ते." कुणावर लिहिलंय ते त्यांनी वाचलंच नव्हतं. मामा बादली घेऊन आले. नेहमीसारखं आधी सगळं वाचलं, शेवटपर्यंत. पाणी मारलं. अक्षर हललं नाही. दुसरी बादली आणली, तिसरी आणली. मग त्यांनी हाताच्या पंजानं घासलं, बोट नाकाशी नेऊन वास घेतला आणि वळून आमच्या घोळक्याकडं पाहिलं. मी तेव्हा खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत होतो.

अध्यक्षसाहेबांना तुला काढायला इतका चांगला मुहूर्त पुन्हा मिळाला नसता. ज्या शिपायाला त्यांनी वीस वर्षं स्टुलावर बसवून ठेवलं, त्याच्या अब्रूसाठी तातडीनं समिती नेमली. समितीत साहेब, प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांतर्फे वर्गप्रतिनिधी म्हणून मी. माझं अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला मलाच दिलं. तू उभा होतास. तुला विचारलं, ही खूण तुझीच ना? तू म्हणालास, "खूण आमचीच हाय. वाक्य माझं न्हाई." साहेब हसले. चोराची खूण चोराची, पण चोरी त्याची नाही, असं काहीतरी बोलले. तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. एकदाही नाही. पाहिलं असतंस तर बरं झालं असतं.

मग मामांना आत बोलावलं. साहेब म्हणाले, "बबनराव, संपतनंच लिहिलं ना हे?" मामांनी तोंड उघडलं आणि ते 'न'वर अडकले. शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, हात हवेत उठला. त्या शब्दाला अजून चार सेकंद लागले असते, फार तर पाच. साहेब म्हणाले, "बसा, बसा. कळलं आम्हाला. केवढा मनस्ताप झालाय बघा माणसाला." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "लिहा." मी लिहिलं: 'संबंधित कर्मचाऱ्याने आरोपास दुजोरा दिला.' वळणदार अक्षरात, समासाची रेघ सोडून. तो शब्द 'न'पासून पुढं कुठं चालला होता, ते त्या खोलीत तीन माणसांना माहीत होतं. एकाला बोलता येत नव्हतं, एक बोलणार नव्हता, आणि तिसऱ्याच्या हातात पेन होतं.

दाखला घेऊन तू फाटकापाशी आलास. मी सोबत होतो, कारण मी तुझा मित्र होतो. तू मला एवढंच विचारलंस, "तुझ्या आण्णांच्या डब्यातला लाल कमी झालाय का रं?" मी म्हणालो, "नाही." तू म्हणालास, "बरं." आणि मला पिकल्या चिंचा खायला दिल्यास. अकरा वर्षांत तू तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीस. माझ्या लग्नात तू पंगतीत वाढलंस. आण्णा गेले तेव्हा खांदा दिलास. मला प्राध्यापकीच्या नेट परीक्षेचा निकाल कळला तेव्हा पिकअप भरून कोबी मार्केटला नेत होतास, गाडी रस्त्यात थांबवून मला फोन केलास आणि ओरडलास, "मास्तर झाला रं आमचा!" मी तेव्हा रडलो. तुला वाटलं आनंदानं.

तुझ्यावर मी कधी कधी चिडायचो, हेही लिहून ठेवतो. सरळ शिवी घालून मोकळा का झाला नाहीस? तुझा चांगुलपणा मला फार जड झाला. रेखाच्या सुपारीला तू गेला होतास आणि आल्यावर मला सांगितलंस, "मुलगी दिली म्हणायची पाळी आली, तर मामा खालीच बघत बसले. त्यांच्या भावानं म्हणलं." एवढंच सांगून तू गाडी सुरू केलीस. ते तू मला का सांगितलंस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मी विचारलं, "जेवण कसं होतं?"

भिंतीवरचं ते वाक्य अजून आहे. रॉकेलनं घासलं, वर तीन-चारदा डिस्टेंपर मारला, पण दर उन्हाळ्यात ते खालून पुन्हा वर येतं. आता सगळं वाचता येत नाही, दुपारच्या उन्हात फक्त 'दि-दि' एवढं फिकट दिसतं. हल्लीची पोरं म्हणतात, 'दीदीच्या भिंतीपाशी भेटू'. त्यांना वाटतं कुणाची तरी प्रेमकहाणी असेल. मी रोज तिथं गाडी लावतो.

तर तुझं दहावं. साहेबांचा शब्दही कावळ्यानं घेतला नाही, तेव्हा मागून बबनमामा उठले. आता रिटायर झालेत, पाठीत वाकलेत. गर्दीतून वाट काढत पिंडापुढं आले, टोपी काढून हातात घेतली आणि तुझं नाव घेऊन बोलायला लागले. नाव कसंबसं निघालं. मग 'त्ये'पाशी थांबले. माणसं चुळबुळ करायला लागली. साहेबांना नारायणगावकडं आणखी एका दहाव्याला पोहोचायचं होतं. ते घड्याळ बघायला लागले. त्यांच्याबरोबर आलेला एक जण म्हणाला, "मामा, पोचलं त्याला. बसा आता." दुसरा म्हणाला, "गुरुजी, ऊन लई झालंय, दर्भाचा करून टाका." गुरुजींनी दर्भाची काडी पिळून कावळा केला, पिंडाला टेकवला, झालं. माणसं उठली, मोटारसायकली सुरू झाल्या. मामा टोपी हातात घेऊन तिथंच उभे होते, तोंड अजून उघडंच होतं.

मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. त्यांचं वाक्य कुठं चाललं होतं ते मला याही वेळी ठाऊक होतं, आणि याही वेळी मी खाली वाकून चप्पल शोधत होतो.

काल मी पिंपळवंडीला गेलो. मामा कांद्याच्या चाळीपुढं पोत्यावर बसून सडके कांदे बाजूला काढत होते. मला म्हणाले, "या सर." मी बसलो नाही. उभ्या उभ्या म्हणालो, "मामा, त्या भिंतीवरचं मी लिहिलं होतं. संपतनं नाही." म्हणायला तीन-चार सेकंद लागले. त्यासाठी मी अकरा वर्षं घेतली आणि तू मरायची वाट पाहिली.

कांदे निवडणारा त्यांचा हात थांबला नाही. म्हणाले, "माहीत हाय. पयली बादली मारली तवाच कळलं. संपतचं पाण्यानं जातंय." एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला आणि मी मध्ये काही बोललो नाही. मग मी विचारलं, नंतर का सांगितलं नाहीत? लिहून तरी द्यायचं. ते म्हणाले, "कमिटी झाल्याव मी संपतकडं गेलतो. म्हणलं, उद्या सायबाला कागद देतो. त्यो म्हणला, नका देऊ मामा. माझ्याकडं मेंढरं तरी हायेत. अव्याकडं निस्तं मार्क हायेत."

तू असं म्हणालास. आणि वर मला चिंचा खायला घातल्यास.

मी खाली बसलो, मातीतच. म्हणालो, "मामा, मला माफ करा." तेव्हा त्यांनी हातातला कांदा ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं. 'न'वर अडकले. त्याच 'न'वर, गळ्याच्या त्याच शिरा, तोच हात हवेत. मला पुढचा शब्द माहीत होता. 'असू द्या मामा, त्रास करून घेऊ नका' म्हणून मी तो तोडू शकलो असतो. सगळे तेच करत आले होते आणि त्याला माणुसकी म्हणत आले होते. मी गप्प बसलो. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर पूर्ण गेला. मामींनी दारातून चहाचे कप आणले आणि त्याही तिथंच थांबल्या.

"न्हाई," मामा म्हणाले.

मग बाकीचं एका दमात आलं, फारसं न अडखळता. रागात त्यांना अडखळायला होत नाही, हे मला माहीत नव्हतं, कारण त्यांना रागावलेलं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. "हितं माझ्या दारात यिऊन सांगतुयास व्हय? लिव्हलं कुटं व्हतंस?"

"भिंतीवर."

"मंग भिंतीवर लिही. आन् काव नगं. तुझ्या बापाच्या डब्यातला रंग घे." आणि मामींना म्हणाले, चहा दे त्याला. मी तो प्यालो. सगळ्यात अवघड तेच होतं.

आज दुपारी माळ्यावरून आण्णांचा डबा काढला. वर जाड साय धरली होती, ती काडीनं फोडली तर खाली लाल अजून ओला आहे. कुंचला रॉकेलमध्ये भिजत घातलाय. उद्या साडेदहाला, पोरं सायकली आणि गाड्या लावत असतात तेव्हा, सगळ्यांदेखत लिहीन. विनोद नाही. 'हे संपतने लिहिले नव्हते. मी लिहिले. संपतला यासाठी काढले तेव्हाही मी गप्प होतो.' खाली तुझी खूण नाही, माझं पूर्ण नाव, आण्णांचं नाव आणि आडनावासकट. फाईलीचं काय व्हायचं ते होईल. पोरं मला हसतील किंवा थुंकतील, आणि मग मला रोज त्याच फाटकातून आत जायचंय, जोवर जाऊ देतील तोवर. ते कसं असतं ते तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं.

आपला वाद मिटला, संप्या. मस्करी एका बादलीत गेली पाहिजे, मान्य. प्राचार्य उद्याही खिडकीतून ओरडतील, 'पूस ते', आणि नवा शिपाई बादली भरून आणील. मारू दे पाणी.